जिना चढता येत नसल्याची समक्ष खात्री करून देण्याबाबत

प्रति,
मा. गृहवाटप अधिकारी,
निवृत्त कर्मचारी वसाहत विभाग,
चौथा मजला, खोली क्र. ४११.

विषय : तळमजल्यावरील घराच्या मागणीचा फेरविचार होणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाने दि. १४ जानेवारी रोजी मारलेला शेरा.

महोदय,

१. अर्जदार हा निवृत्त बसचालक असून इमारत क्र. चारमध्ये तिसऱ्या मजल्यावर पत्नीसह राहतो. इमारतीस लिफ्ट नाही. गेल्या वर्षी जानेवारीत दाढी करीत असताना अर्जदाराची उजवी बाजू लुळी पडली. अर्धीच दाढी झालेली होती. उरलेली पत्नीने इस्पितळात केली. डॉक्टरांनी "आता जिन्याचं नावही काढू नका, बाथरूमपर्यंत गेलात तरी खूप झालं," असे सांगितले. सबब अर्जदाराने तळमजल्यावरील रिकाम्या घरासाठी रीतसर अर्ज केला.

२. त्यावर आपल्या कार्यालयाने कळवले की, अर्जदारास जिना चढता येत नाही याची खात्री अधिकारी समक्ष करतील, तरी त्याने चौथ्या मजल्यावर स्वतः हजर राहावे. आपल्या इमारतीची लिफ्ट बंद आहे. तिच्या दारावरील 'लवकरच सुरू होईल' हा कागद पिवळा पडला आहे. याबाबत अर्जदाराची तक्रार नाही. यंत्र आहे, बिघडते.

३. मग अर्जदाराने जिना चढण्याचा सराव सुरू केला. त्याने आयुष्यात दोन घंटा ऐकल्याशिवाय गाडी हलवलेली नाही, म्हणून पत्नी एक पायरी खाली उभी राहून कठड्यावर किल्ली दोनदा वाजवी, मग अर्जदार डावा पाय उचली. तोल गेला तर ती खांदा लावी. पहिल्या महिन्यात दोन पायऱ्या झाल्या. "या वेगाने आपण पोचेपर्यंत साहेब निवृत्त होतील," असे पत्नी म्हणाली. त्यात आपला अवमान करण्याचा हेतू नव्हता. अर्जदार तीनदा पडला, एकदा पत्नीसकट. शेजारच्या मास्तरीणबाईंनी "अहो, हा हट्ट कशासाठी?" असे विचारले असता, तळमजल्यावर राहायला जाण्यासाठी, असे खरे उत्तर दिले. 

४. नऊ महिन्यांनी अर्जदार आपल्या कार्यालयात आला. पहिल्या खेपेस दुसऱ्या मजल्यावर पुढची पायरी चढवेना, तेथील शिपायाने स्टूल दिले, पाणी दिले व खाली उतरवून दिले. दुसऱ्या खेपेस अर्जदार तिसऱ्या मजल्यावर असताना वरून उतरणाऱ्या इसमाने साहेब दौऱ्यावर असल्याचे सांगितले. तिसऱ्या खेपेस, म्हणजे दि. १४ जानेवारी रोजी, फाटक उघडताच सुरुवात केली. शेवटच्या बावीस पायऱ्या अर्जदार बसून, पाठमोरा, एकेक करून चढला व बारा वाजून दहा मिनिटांनी तो खोली क्र. ४११ मध्ये हजर झाला.

५. आपण दौऱ्यावरून परतला नव्हता. मोठे लिपिक टेबलावरून वाकून म्हणाले, "काका, चढलात की तुम्ही! मग तळमजला कशाला हवा?" पत्नीने "साहेब, बसून चढलेत ते," असे निदर्शनास आणले. "कसे चढले, याला फॉर्मात जागा नाही," असे सांगून त्यांनी शेरा मारला : 'अर्जदार जिना चढून समक्ष हजर. सबब अपात्र.'

६. शेरा वाचून अर्जदारास वाईट वाटले. परंतु खोटे कशाला सांगावे, छातीही फुगली. वर्षभरात तो काही करू शकतो असे कोणी लेखी दिले नव्हते. त्याने शेऱ्याची नक्कल मागून घेतली व घरी भिंतीवर लावली आहे.

७. मात्र त्या दिवसापासून पत्नीचे गुडघे बसले. दहा महिने पंचाहत्तर किलोचा माणूस खांद्यावर तोलल्याने दोन्ही गुडघ्यांतील गादी झिजली, असे डॉक्टर म्हणतात. एक्स-रे सोबत जोडला आहे. दूध, भाजी आता अर्जदार एका हाताने आणतो. पत्नी दहा आठवडे इमारतीखाली उतरलेली नाही. ती खिडकीत बसते व रस्त्यावर काय चालले आहे ते अर्जदारास सांगते, जणू तो अजूनही खाटेवर आहे.

८. सबब अर्जदार स्वतःची मागणी मागे घेऊन तेच घर पत्नीसाठी मागत आहे. आपल्या इमारतीच्या तळमजल्यावरील चौकशी-खिडकीवर विचारले असता तिनेही चौथ्या मजल्यावर समक्ष यावे, असे समजले. अधिकारी घरी येऊन पाहणी करू शकतात, परंतु ज्यांना जिना चढता येत नाही त्यांच्याच घरी. आणि ते कार्यालयात ठरते.

९. तरी पत्नीने सराव सुरू केला आहे. तिचा स्वभाव अर्जदारासारखा नाही. ती पायरीगणिक अर्जदारास, जिन्यास व आपल्या विभागास बोलते, आणि पुढची पायरी चढते. खाली अर्जदार उभा असतो. त्याचा एकच खांदा कामाचा आहे, तो तिने तपासून घेतला आहे.

१०. येत्या ३० तारखेस आम्ही उभयता येत आहोत. लिफ्ट सुरू व्हावी, असा आग्रह नाही. फक्त त्या दिवशी कार्यालय पाचला बंद करू नये, एवढीच विनंती. आम्हाला वेळ लागतो, पण आम्ही पोचतो.

आपला नम्र व वाटेत असलेला,
(सही, डाव्या हाताने)
निवृत्त बसचालक,
इमारत क्र. ४, तिसरा मजला.
दि. २ एप्रिल