गुरुजी प्यायले नव्हते

गुरुजी,

तुम्ही प्यायला नव्हतात. हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण ज्यांनी ऐकायला हवं होतं ते ऐकूनही मानत नाहीत, म्हणून तुम्हाला लिहितो आहे.

किन्हवलीच्या शाळेत त्या वर्षी तुमचं अक्षर बिघडत चाललं होतं. जे अक्षर आम्ही पाटीवर गिरवलं, ते फळ्यावर वेडंवाकडं उमटू लागलं. खडू बोटांतून निसटायचा. कोटाची बटणं लावता येईनात, म्हणून तुम्ही ऐन उन्हाळ्यात उपरणं लपेटून यायला लागलात. एकदा हजेरी घ्यायला मान खाली घातलीत आणि दचकून म्हणालात, “मान वाकवली की पाठीतून पायापर्यंत झिणझिण्या जातात रे.” आम्ही पोरं, आम्हाला काय कळणार? पण शहापूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही तुम्ही हेच सांगितलं होतंत. त्यांनी खुर्चीवरून न उठता वाताचं तेल दिलं. तुमच्या अंगाला हातसुद्धा लावला नाही.

मग शाळा तपासायला शिक्षणखात्याचे दिपोटी आले. मास्तर झोकांड्या खातो, हे गावानं त्यांच्या कानावर घातलंच होतं. त्यांनी काठीनं अंगणात रेघ ओढली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “या रेघेवरून चाला. टाचेला अंगठा लावून.” तुम्ही जोडे काढता. एक पाऊल ठेवता, दुसरं त्याच्यापुढे टेकवायला जाता आणि कोलमडता. पाटील हसतो. “बगा सायब, सकालीच घेतलीय.” तुमच्या तोंडाचा वास घ्यावा, एवढंही कुणाला सुचलं नाही. तुम्ही उठलात, धोतराची माती झटकलीत आणि म्हणालात, “मी राजीनामा देतो.” आणि मुरबाडला आपल्या घरी निघून गेलात.

पुढे मी मुंबईत डॉक्टरकी शिकत असताना वॉर्डात एक सुतार आला. त्याच्या हातात पटाशी ठरत नव्हती. आमच्या सरांनी त्याच्या मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली, तर अंगठा आपोआप आत वळला. तळव्यावरून किल्ली ओढली, तर पायाचा अंगठा वर उठला. मूठ भराभर उघड-मीट करायला सांगितली, ती बोटं चिखलात रुतल्यासारखी हलली. मान वाकवायला लावली, तर तो म्हणाला, पाठीतून झिणझिण्या येतात. शेवटी सर म्हणाले, “आता सरळ रेषेत चाल. टाचेला अंगठा लावून.” तो कोलमडला. “मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दाबला गेलाय,” सर म्हणाले. दिपोटींनी तुमची परीक्षा बरोबर घेतली होती, गुरुजी. निकाल तेवढा खोटा दिला. एक टिचकी आणि एक किल्ली! यासाठी कुठलं यंत्र लागत होतं त्या शहापूरच्या डॉक्टरला?

मी मुरबाडला तुमच्या घरी गेलो तेव्हा तुम्ही हे जग सोडून गेला होतात. काकूंना सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, “जन्मभर मी त्यांना ताट वाढलं. मला वास आला नसता? मला नको सांगूस, त्या पाटलाला जाऊन सांग.” मी तसाच किन्हवलीला गेलो. पाटील ओटीवर बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मेल्या मानसाचं आता कशाला उकरतो रे? त्याला काय फरक पडनार नाय.” मी ओरडलो, शेजारपाजारचे जमले, आणि तरी किन्हवलीत तुमचं नाव आजही ‘तो पिणारा मास्तर’ असंच घेतात.

रोग वेळेवर कळला असता तर तुम्ही वाचला असतात का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या काळी मानेचं ऑपरेशन म्हणजे जिवावरचं काम. पण दारुडा म्हणवून तुम्हाला मरावं लागलं नसतं, एवढं नक्की.

हे पत्र टपालात टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. दिपोटींवर, डॉक्टरवर, पाटलावर मी उघड संतापतो. पण रात्रंदिवस आत जो राग धुमसतो तो तुमच्यावरचा आहे. ‘मी पीत नाही’ एवढं तरी का नाही म्हणालात?