अब्बा-अम्मीमधला पाइप

६ एप्रिल
प्रोग्राम पुन्हा लटकला! एरर नाही, काही नाही. नुसता थांबून राहतो. प्रॅक्टिकल सतराला.

घरातही तेच. पुण्याच्या नोकरीसाठी माझी निवड झाल्याचा फोन आला, त्याच संध्याकाळपासून अब्बा-अम्मी एकमेकांशी बोलत नाहीत. कारण काय, तर कुवेतहून कायमचे परतलेल्या, हात रिकामे असलेल्या अब्बांनी अम्मीचे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले! हळदीच्या जागी मिरची. त्या दिवशीचं सालन कुणालाच गिळवलं नाही.

कंपनीला वीस तारखेपर्यंत हो-नाही कळवायचंय. मला जायचंय. खूप जायचंय. पण हे दोघं असे तोंड फिरवून बसलेले असताना जाऊ कशी?

८ एप्रिल
अल्पेश सर वर्गात म्हणाले, "प्रोग्राम फाईलला स्वतः हात लावत नाही. कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, विनंती करतो — ओपन. कर्नल एक नंबर देतो. पुढचं रीड, राइट, क्लोज सगळं त्या नंबरावर."

हुबेहूब अब्बा! पाण्याचा ग्लाससुद्धा स्वतः घ्यायचा नाही. आणि आता अम्मीशी अबोला, म्हणजे सगळ्या विनंत्या माझ्याकडे.

"इनशा, तुज्या अम्मीला विचार, चाय झाली का?"
अम्मी तीन पावलांवर. "त्यांना सांग, कान हायत ना? उकळतेय ती ऐका."

मी पाइप झालेय, दोन प्रोग्रामांमधली निरोपाची नळी. एका टोकानं राइट, दुसऱ्या टोकानं रीड. त्यात पाइप एका दिशेचा असतो, जायला-यायला दोन लागतात. इथे दोन्ही मीच!

९ एप्रिल
चिडले. म्हटलं, पाइप बंद, यापुढे फाईल. फ्रिजजवळ जुनी पाटी टांगली. ज्यानं त्यानं तिच्यावर लिहावं, वाटेल तेव्हा वाचावं.

अब्बांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं — बोर्लीच्या बाजारात सुरमई आली आहे, आणू का? अम्मीनं ओल्या फडक्यानं ते न वाचताच पुसलं आणि लिहिलं — भेंडी.

फाईल उघडताना सांगावं लागतं, जुनं पुसायचं की शेवटी जोडायचं. अम्मी पुसूनच उघडते.

"तिला सांग, आधी वाचावं मानसानं!"
झालं. पाइप पुन्हा चालू. जेवायला भेंडी.

१२ एप्रिल
लटकलेलाच.

१४ एप्रिल
सापडलं!!

फोर्क केलं की प्रोग्रामची दुसरी प्रत होते. पहिला पॅरेंट, दुसरा चाइल्ड. उघडलेलं सगळं चाइल्डलाही मिळतं — पाइपची दोन्ही टोकंसुद्धा. माझा पॅरेंट लिहितो, आपलं टोक बंद करतो. चाइल्ड वाचतो आणि 'संपलं' कळायची वाट बघतो. पण लिहिण्याचं एक टोक त्याच्या स्वतःच्याच हातात उघडं! जोवर लिहिण्याचं एक जरी टोक उघडं, तोवर कर्नल 'संपलं' म्हणत नाही. बिचारा स्वतःचीच वाट बघत होता. वाचायच्या आधी क्लोजची एक ओळ टाकली. चालला!

मी इतक्या जोरात ओरडले की दोघं धावत आले. "काय झाला? इंचू चावला काय?" दारात दोघं एकमेकांना चिकटून उभे. वाटलं, आता बोलतील.

अम्मी म्हणाली, "इनशा, अब्बाला सांग, माज्या पायावरना पाय काढा."

प्रोग्राम चालला, तरी मग रडू आलं. पुण्याला 'नाही' असंच कळवावं लागणार. ही दोघं माझ्याशिवाय राहूच शकत नाहीत.

१७ एप्रिल
प्रॅक्टिकल फर्स्ट क्लास! लवकर सुटले, मधल्या एसटीनं घरी. मागच्या दारी आले तर आतून हसण्याचा आवाज. अब्बा कुवेतची कसलीशी गंमत सांगत होते, अम्मी ठसका लागेपर्यंत हसत होती.

"बस आता," अम्मी म्हणाली. "पोरगी येल. तीन दिस तोंड सांभाला. वीस तारीख गेली की मग बोला खुशाल."
"आणि तरी गेली तर?"
"न्हाय जायची. आपल्याला असा टाकून जाते काय ती?"

एवढा राग आला! आणि एवढं भरूनही आलं. चपला मुद्दाम आपटल्या. आत गेले तर अब्बा भिंतीकडे तोंड करून बसलेले.

"इनशा," अम्मी म्हणाली, "अब्बाला विचार, अजून भात हवा काय?"

विचारलं. मग तिथेच उभं राहून पुण्याला होकार पाठवला.