विहिरीवरची जाळी काढली त्याबद्दल

प्रिय सुकन्या,

परवा फोनवर तुझा आवाज बसलेला वाटला. लातूरच्या धुळीत स्कूटीवर फिरताना तोंडाला रुमाल बांधत जा, असं तुझ्या आईनं सांगायला लावलंय. तिचं सांगून झालं. माझं सांगणं जरा लांब आहे, म्हणून फोन न करता वही-पेन घेऊन लिंबाखाली बसलोय. फोनवर आपलं बोलणं ‘जेवलात का’ आणि ‘ऊन लई आहे का’ यातच संपून जातं. तू म्हणतेस ‘ठेवते अप्पा’, मीही ‘हाव’ म्हणून ठेवून देतो आणि मग दिवसभर चुळबुळत राहतो.

घरी सगळं ठीक आहे. आपली देवणी गाय व्याली, कालवड झाली. पांढरीशुभ्र, कानाला आणि डोळ्याभोवती काळं. तुझ्या आईनं दोन दिवस गोठ्यातच मुक्काम टाकला होता. सून आली तरी एवढं कौतुक झालं नसतं, असं मी म्हणून बसलो. आपल्या घरात अशी वाक्यं निघून जातात बघ. सून यायची ज्याची, तो नाही, हे बोलणाऱ्याच्या मागाहून ध्यानात येतं.

आता खरी बातमी सांगतो. शेतातल्या विहिरीवरची जाळी मी काढली. हे वाचून तू कागद बाजूला ठेवशील, मला माहीत आहे. ठेव थोडा वेळ. पण मग पुन्हा उचल आणि शेवटपर्यंत वाच.

तुझा भाऊ आनंदराज त्या विहिरीत बुडून गेला, त्यानंतर महिन्याच्या आत मी देवणीहून वेल्डर आणला आणि लोखंडी जाळी बसवून कुलूप घातलं. मोटारीचा पाइप तेवढा आत. त्या दिवसापासून तू शेतात पाऊल टाकलं नाहीस. दिवाळीला येतेस, घरातल्या घरात राहतेस, परत जातेस. मी तुला कधी चल म्हणालो नाही, कारण मी स्वतःसुद्धा विहिरीकडे पाठ करूनच काम करत होतो.

अमरेशचं ‘सवंगडी’ मंडळ तुला माहीत आहे. फोनवर तू अधूनमधून विचारतेस, ‘चाललंय का हो अजून त्यांचं?’ चाललंय, आणि चांगलं वाढलंय. अमरेश देवणीत पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरायच्या दुकानात आठवडाभर राबतो आणि रविवारी गावातली पोरं-पोरी घेऊन रानात निघतो. हत्तीबेटाच्या टेकडीवर नेतो, दोर बांधून खडक चढायला लावतो. दोन काठ्या आणि दोन सदरे घेऊन जखमी माणसाला उचलायची झोळी करायला शिकवतो. तीन दगडांवर भात शिजवणं, साप चावला तर काय करायचं आणि काय नाही, वाट चुकली तर ओढ्याच्या कडेनं गाव कसं शोधायचं, सगळं. मी बांधावरून बघायचो. पण जवळ गेलो नाही. आनंदराजचा तो जिवाचा दोस्त, दिवसातून दहा वेळा आपल्या चुलीपाशी येऊन बसणारा. त्या दिवसानंतर मात्र तो आपल्या दारात आला नाही. बाजारात मी दिसलो की समोरच्या दुकानात शिरायचा. मला बघून त्याला आनंदराज आठवत असेल, म्हणून मीही त्याला हाक मारली नाही.

चैत्रात एका दुपारी गावातल्या भुजंगची पोरगी सृष्टी आली. आठवीत गेली आता. चप्पल बाहेर काढून सरळ ओसरीवर बसली आणि म्हणाली, “आबा, तुमच्या हिरीला पायऱ्या हाईत. जाळी काढून आम्हाला पवायला देता का?” मला काय झालं कुणास ठाऊक, मी खेकसलो. “चल ऊठ इथून!” पोरगी उठली, पण गेली नाही. म्हणाली, “बरं, जाते. पण आबा, तळं आटलंय. नदीत वाळू काढून काढून खड्डे झालेत, तिथं अमरेशदादा जाऊ देत न्हाई. शेततळ्याचं प्लॅस्टिक निसरडं हाय, तिथंबी न्हाई. मग आम्ही पवायला शिकायचं कुठं, ते तरी सांगा.” तिनं भांडण म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच माहिती पाहिजे होती. 

संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी अमरेश अंगणात येऊन उभा राहिला. सृष्टीनं त्याला न विचारता हा उद्योग केला होता. कळल्याबरोबर तो माफी मागायला आला होता. तुझी आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेली आणि म्हणाली, “आत ये की रे. बाहेरच्यासारखा काय उभा राहिलास?” एवढं ऐकलं आणि तो उंबऱ्यावरच बसून रडायला लागला. चांगला उंचापुरा गडी, पण पोरासारखा रडला. मग बोलला. सुकन्या, ते बोलणं तुला कळायलाच पाहिजे.

त्या दिवशी दोघं मोटार बघायला म्हणून खाली उतरले. शेवाळावरून आनंदराजचा पाय घसरला. पोहता दोघांनाही येत नव्हतं. अमरेशनं वर धावत येऊन बैलगाडीचा दोर काढला, टोकाला फास केला आणि आत टाकला. दोर क्षणभर ताणल्यासारखा वाटला आणि मग हलका झाला. दोर तसाच टाकून तो गावाकडे माणसं बोलवायला पळाला. एवढी वर्षं हा पोरगा मनाशी धरून बसला होता की, आनंदराजनं फास धरला होता आणि आपली गाठ सुटली. “अप्पा, मला गाठ बांधता आली न्हाई,” म्हणाला. पुढं नांदेडला आयटीआय करताना तो रोज पहाटे गोदावरीवर जायचा. घाटावरच्या जुन्या पोहणाऱ्यांचे पाय धरून शिकला. गाठी शिकला. आणि गावात येऊन हे मंडळ काढलं. नवीन पोर आलं की पहिला धडा गाठीचाच.

मी त्याला तिथंच थांबवलं. कारण तो दोर वर ओढून काढणारा मीच होतो. माणसं आनंदराजला घेऊन गेल्यावर मी तिथंच होतो आणि काहीतरी करायचं म्हणून दोर गोळा केला होता. फास जसाच्या तसा होता, बाळ. गाठ पक्की होती. दोर अडकला असेल तो कपारीतल्या दगडाला. माझ्या पोराचा हात त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मी हे अमरेशला सांगितलं. त्याला खरं वाटेना. तीन-तीनदा विचारलं, “तुम्ही सोता बघितलं? मला बरं वाटावं म्हणून तर बोलत न्हाई ना?” मी तुझ्या आईच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. तेव्हा तो भिंतीला टेकला. मला माहीत असतं की हा असलं काही उरात घेऊन फिरतोय, तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. पण तो बोलला नाही आणि मी विचारलं नाही. तुझी आई मात्र आत जाऊन भाकरी टाकायला लागली. त्या रात्री तो आपल्याकडे जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाळीचं कुलूप काढायला गेलो. किल्ली फिरेना, इतकं गंजलं होतं. हातोड्यानं फोडलं. मग आठवडाभर मंडळाची पोरं राबली. कबुतरांची घाण काढली, पायऱ्या घासल्या, पाण्यात एक बिनविषारी दिवड साप होता त्याला सृष्टीनंच काठीवर घेऊन ओढ्यात सोडलं. भिंतीला लोखंडी कड्या ठोकून पाण्याच्या पातळीवर चारी बाजूंनी दोर बांधला. ट्रॅक्टरच्या ट्यूबा आणल्या. नियम असा, की वर दोन मोठी पोरं दोर घेऊन बसलेली असल्याशिवाय आणि शिट्टी वाजल्याशिवाय कुणी पाण्याला पाय लावायचा नाही. भुजंग स्वतः बघायला आला आणि पोरीला पाठवायला तयार झाला.

पहिल्या दिवशी काय झालं, ऐक. पोरं पाठीला तेलाचे रिकामे डबे बांधून रांगेत उभी. अमरेश पुढं. अर्ध्या पायऱ्या उतरला आणि थांबला. गोदावरीचं पात्र पार करणारा पोरगा, त्याला खालची पायरी उतरवेना. पोरं बघत होती. कुणी हसलं नाही. मी काठावर बसलो होतो. तुला माहीत आहे, मला पोहता येत नाही आणि त्या पाण्याकडे बघवतही नव्हतं. पण मी धोतर खोचलं, भिंतीला धरत खाली गेलो आणि त्याच्याही पुढं जाऊन गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. पाणी गार होतं. मला वाटलं होतं, मी किंचाळेन. तसं काही झालं नाही. मी मागं वळून म्हणालो, “ये, अमरेश. मी हाय इथं.” तो आला. माझ्या खांद्याला धरून उभा राहिला, मग खांदा सोडला आणि पाण्यात गेला. मग शिट्टी वाजली.

आता रोज सकाळी विहिरीत पोरांचा कालवा असतो. सृष्टी डब्याशिवाय पोहते आणि लहानग्या पोरींच्या हनुवटीखाली हात धरून त्यांना पाय मारायला शिकवते. ‘घाबरू नगं, मी सोडत न्हाई’ हे तिचं पालुपद. भुजंगची हीच पोरगी वर्गात कधी तोंड उघडत नाही, असं तिच्या बाईंनी सांगितलं तर मला हसू आलं. तुझी आई गूळ-शेंगदाणे घेऊन वरच्या पायरीवर बसते. पहिले दोन दिवस ती पदर तोंडाला लावून रडली. तिसऱ्या दिवसापासून वर आलेली पोरं मोजते आणि केस नीट पुसले नाहीत म्हणून प्रत्येकाला रागावते. आनंदराजचं नाव आता आमच्या घरात मोकळेपणानं निघतं. पोरं विचारतात, कसा होता तो? अमरेश सांगतो. त्यानं मास्तरांच्या सायकलला बकरी बांधली होती, हे मला आत्ता कळलं!

आता हे पत्र कशासाठी, ते लिहितो. गावात मला भेटणारा प्रत्येक माणूस विचारतो, सुकन्या कधी येणार. अमरेश रोज घरी येतो, तो मात्र एकदाही विचारत नाही. तुझं नाव निघालं की उठून गायीला पाणी दाखवायला जातो. तुझी आई म्हणाली, “तुम्हाला दिसत न्हाई का काही?” मला दिसत नव्हतं. मग मी त्याला सरळ विचारलं. त्यानं मान खाली घालून सांगितलं की, तू लातूरला नोकरीला लागलीस त्या साली तूच त्याला लग्नाचं विचारलं होतंस आणि तो नाही म्हणाला होता. “ज्याच्या हातून तिचा भाऊ सुटला, त्यानं तिच्यासमोर कुठल्या तोंडानं उभं राहायचं, अप्पा?” मला स्थळ म्हणून आलेला उदगीरचा इंजिनिअर आठवला, औशाचा डॉक्टर आठवला, आणि तू प्रत्येक वेळी ‘आता नको’ म्हणालीस ते आठवलं. बाळ, त्याचा नकार तुला नव्हता. हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि तो स्वतः सांगणार नाही, म्हणून त्याला विचारून मी लिहितोय. तुझ्या मनातून ते सगळं गेलं असेल तर तसं लिही. मी त्याला समजावीन आणि तुला पुन्हा कधी विचारणार नाही. पण गेलं नसेल, तर येत्या रविवारी ये. देवणीच्या स्टँडवर तुला घ्यायला मी येणार नाही, तो येईल. चालेल का, एवढंच कळव.

तुझाच,
अप्पा