पाया खचला, मी नाही

४ मार्च, सकाळ
बाबांच्या खोलीतल्या फरशीची भेग कोपऱ्यातून दारापर्यंत आली. दार लागत नाही. गवंडी बघून गेला, पाया खचलाय म्हणाला. डोकं फिरलं. मग आठवलं, घराचा विमा आहे! इतकी वर्षं हप्ते भरले ते काय हौस म्हणून? कंपनी पैसे देईल. झक मारत देईल.
ठराव: या प्रकरणात अजिबात चिडायचं नाही.

५ मार्च
चिडलो. बायकोचं म्हणणं, गवंड्याला काम सुरू करू दे, विम्याचं मागाहून बघू. बजावलं, भेगेला कोणीही हात लावायचा नाही. तो पुरावा आहे. बाबांची कॉट हॉलमध्ये आणली. त्यांनी विचारलं, किती दिवस? म्हटलं, चार-पाच. बरं म्हणाले. माझ्यावर पूर्ण विश्वास आहे त्यांचा.

९ मार्च
कंपनीला फोन. एक दाबा, दोन दाबा, मग गाणं. गाणं पाठ झालं. शेवटी एक मुलगी आली. भेग कशामुळे पडली म्हणून विचारलं. शेजाऱ्यामुळे! त्याच्या झाडाची मुळं आमच्या घराच्या पायात घुसलीत. या शेजाऱ्याला मी हिरवळ म्हणतो. झाडाशी गप्पा मारतो तो. मुलगी म्हणाली, सर्व्हेअर पाठवतो. आवाज चढवल्याशिवाय कामं होत नाहीत.

१७ मार्च
सर्व्हेअरचा पत्ता नाही. भेगेत आता बोट जातं. बाबा दिवसभर कॉटवर बसून आपल्या खोलीच्या दाराकडे बघत असतात. आज पुन्हा विचारलं, किती दिवस? त्यांच्यावर ओरडलो. नंतर फार वाईट वाटलं. ओरडायला लावलं कंपनीने. मानसिक त्रास म्हणून क्लेममध्ये टाकणार.

२३ मार्च, दुपार
सर्व्हेअर आला! मितभाषी, हुशार माणूस. बाहेरून भिंतीलगत खणून बघितलं. मूळ एकही सापडलं नाही. हिरवळने आधीच कापून नेली असणार.
मग वर बघून त्याने विचारलं, गच्चीचं पाणी या कोपऱ्यातच का पडतं? अखेर कोणीतरी विचारलं! सविस्तर सांगितलं. पाइपचं तोंड पूर्वी कुंपणाकडे होतं. आमच्या पाण्यावर हिरवळचं झाड फुकट पोसलं जायचं. दोन पावसाळ्यांमागे मी स्वतः शिडीवर चढलो आणि तोंड आत वळवलं. प्लंबरसुद्धा बोलावला नाही. तेव्हापासून पलीकडे थेंब गेलेला नाही, सगळं पाणी इथेच मुरतं. सर्व्हेअर भराभर लिहून घेत होता. त्याच्या मागे उभी राहून बायको जोरजोरात मान हलवत होती. तिची मान पुन्हा धरलेली दिसते.
क्लेम पक्का. बाबांना तसं सांगून टाकलं.

३० मार्च
नामंजूर!! म्हणे पाणी मुरून हळूहळू खचलेला पाया विम्यात बसत नाही. त्यातून पाइप मालकानेच वळवलेला. चोर लेकाचे! पण पाइपचं यांना सांगितलं कोणी? हिरवळ. दुसरं कोण?

२ एप्रिल
कोर्टात खेचणार. वकिलाने कागद वाचले आणि पहिला प्रश्न काय विचारला? पाइप कोणी फिरवला?
वकील बदलणार.

६ एप्रिल, संध्याकाळ
सकाळी बाबा सवयीने आपल्या खोलीत गेले. काठी भेगेत अडकली. बायकोने दंड धरला म्हणून वाचले, नाहीतर आपटलेच असते. तिने मला एका शब्दानेही न विचारता गवंड्याला फोन केला. मी पुराव्याचं काढलं. तिने असं बघितलं की उरलेलं वाक्य गिळलं.
गवंडी दोन माणसं घेऊन आला. भेगेकडे न जाता आधी बाहेर जाऊन पाइप बघितला. परत येऊन सगळ्यांसमोर विचारलं, हा उद्योग कोणत्या शहाण्याचा?
मी उत्तर देणारच होतो. जुळवाजुळव चालली होती. तेवढ्यात कॉटवरून बाबा म्हणाले, माझाच हो तो. म्हातारपणी काही सुचत नाही.
गवंडी हसला. माणसं हसली. आजोबा, या वयात शिडीवर चढलात होय, म्हणाला. बाबाही हसले. त्यांना आमच्या दाराच्या पायऱ्यासुद्धा कठडा धरून चढाव्या लागतात.
बायको माझ्याकडे बघत होती.
पाइपचं तोंड पुन्हा कुंपणाकडे झालं. माणसं गेल्यावर बाबांनी मला विचारलं, आता किती दिवस रे?
आज फार राग आलाय. कोणाचा, ते उद्या ठरवतो.