न धुतलेला शाफ्ट

सोलापूर,
फाल्गुन, १९७६

प्रिय यशोदा,

गिअरबॉक्समधली दोन दातेरी चक्रं, क्लचच्या प्लेटचं नवं अस्तर, प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे सांधे, मागच्या अ‍ॅक्सलचे बोल्ट, बोल्टांच्या डोक्यावरची कंपनीची अक्षरंसुद्धा. कमलाकरशेटच्या जुन्या विलायती उघड्या गाडीसाठी एवढं मी या हातांनी केलं. शिकवलं कुणी नाही. चमकवलंही नाही, लोक चमकवतात. कारखान्यातून निघताना गिअरबॉक्स मळकट राखाडी असतो, तसाच ठेवला. शेट म्हणाले होते, "मिस्त्री, मुंबईच्या प्रदर्शनात विलायतेचा माणूस फसला पाहिजे." ऐकून लई बरं वाटलं, खोटं का बोलू.

दाजी गेल्यावर तू केमला सासरी गेलीस, तेव्हापासून पत्र टाकलं नाही, रागावली असशील. सासूबाई अजून म्हणतात का, धोंडीराम पिऊन मेला? पंचनाम्यातही तेच, नशेत सायकल ट्रकखाली गेली. दाजी म्हणजे चहासुद्धा बशीत ओतून, फुंकून पिणारा माणूस. पाळी सुटली की खांद्यावर टॉवेल टाकून अक्कलकोट रोडनं सायकल हाणत यायचे. टॉवेल त्यांच्याच मागावर विणलेला, डागी निघाला म्हणून मालकानं दिलेला. त्याचे काठ तू लाल दोऱ्यानं दुमडून शिवलेस. जोडीतला दुसरा भाऊबीजेला मला दिलास. त्याला मी अजून तेलाचा हात लावलेला नाही.

परवा शेटचा ड्रायव्हर भीमा गाडी घेऊन आला. गाडी थरथरतीय म्हणाला. प्रोपेलर शाफ्ट म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारी, गाडीच्या पोटाखाली फिरणारी लोखंडी दांडी. तिच्यावर कुणीतरी घाईत काळा रंग फासलेला, ब्रशचे केस चिकटलेले. माझ्या कामावर दुसऱ्याचा हात बघून डोकंच फिरलं. भीमा म्हणाला, "खोलू नगा की मिस्त्री. वरनं अजून एक हात मारा, झालं." घाणीवर रंग मी मारत नाही. सांधा खोलला. ग्रीसच्या आत कापड होतं, पिळून दोरखंडासारखं झालेलं, आणि नुसतं कापड नव्हतं. पात्यानं एक टोक सोडवलं. लाल दोरा निघाला.

यशोदा, ट्रक नव्हता. गाडीनं दाजींना खाली घेतलं, टॉवेल त्या दांडीत गुंतला आणि दांडी त्यांना ओढत घेऊन गेली. चक्रं माझ्या हातची, सांधे माझ्या हातचे. एकही दात घसरला नाही.

मी भीमाचं नरडं धरून बाकड्यावर आपटलं. पुढचा दात पडला तेव्हा बोलला. गाडी कमलाकर स्वतः चालवत होता, खाली हाडं वाजत असतानाही थांबला नाही. भीमानं पळत जाऊन त्याला सांगितलं असणार, कारण दिवस मावळायच्या आत तो दोन माणसं घेऊन आला. आधी नोटा काढल्या, मी नको म्हटल्यावर माझा डावा पंजा लोखंड आवळून धरायच्या व्हाइसमध्ये घातला आणि दांडा फिरवला. बोटं वाळक्या तुराट्यांसारखी मोडतात. म्हणाला, "शाफ्ट धुऊन कारखान्यातून आला तसा करून दे." उजवा हात मोकळा ठेवला होता, कामाला लागणार म्हणून. तिथंच चुकले. त्या हाताला दोन पौंडी हातोडा लागला. एकाच्या गुडघ्याची वाटी फोडली, दुसरा घाव कमलाकरच्या जबड्यावर. दुसरा माणूस त्यांना ओढत दाराबाहेर घेऊन गेला. मागं जाऊन अजून मारावंसं वाटत होतं, पण शाफ्टसाठी थांबलो. कमलाकरचं रक्त त्यावर उडालं असतं तर दाजींचं कुठलं नि त्याचं कुठलं, कोण सांगणार?

शाफ्ट कापडासकट वकिलाच्या कपाटात कुलपात आहे. जन्मात पहिल्यांदा एक पार्ट मी न धुता हातावेगळा केला. पण मी ओळखून भागत नाही. वकील म्हणतात, शिवणाऱ्या बाईनंच कोर्टात आपला टाका ओळखला पाहिजे. म्हणून हे पत्र. लाल दोऱ्याचं रीळ उरलं असेल तर घेऊन ये. माझ्याकडचा टॉवेल आहेच. एकटी निघू नकोस, दिराला बरोबर घे. बघवणार नाही तुला. तरी बघ. त्याआधी कमलाकरची माणसं केमला येतील, तुझा भाऊ विकला गेला म्हणून सांगतील. तेव्हा माझ्याकडूनच ऐकून ठेव. शाफ्ट धुवायचे आणि गप्प बसायचे त्यानं मला देऊ केले होते, मी घेतले नाहीत, ते बारा हजार रुपये होते.

तुझाच,
हिंदुरावदादा