पोर्तो इन्फ्रेस्कीच्या वाटेवर

अप्पर हट,
१२ ऑक्टोबर

प्रिय उर्मिलामावशी,

साष्टांग नमस्कार.

कशा आहात? इकडे वारा थांबायचं नाव घेत नाही. अंगणातला कोव्हाय फुलांनी पिवळाधमक झालाय आणि टुई पक्षी उजाडल्यापासून त्यावर भांडत असतात. नर्सरीत मरणाचं काम आहे, कारण ऑक्टोबरात इकडे वसंत आला की अख्ख्या अप्पर हटला एकदमच टोमॅटोची रोपं हवी होतात. तुम्ही सांगितलीत तशी मेथी लावली होती, ती गोगलगायींनी फस्त केली.

तुम्ही म्हणाल, ही मुलगी फोन करायचा सोडून कागद का काळा करतेय. मावशी, रविवारी तुमचा फोन स्पीकरवर होता. शेजारी वरुणचा श्वास मला ऐकू येत होता. "मधू, सुरुचीला समजाव. प्रवासात माणसं थकतात, नवरा-बायकोत होतं असं," हे तुम्ही म्हणालात खरं, पण कोणीतरी लिहून दिलेलं वाचावं तसं म्हणालात. मी "बघते" म्हणून फोन ठेवला. तुमचा मोबाइल तो तपासतो, हे सुरुचीने मला सांगितलंय. म्हणून हे पत्र शकुताईंच्या पत्त्यावर पाठवतेय. गुरुवारी तुमच्या ज्येष्ठांच्या ग्रुपमध्ये त्या ते तुमच्या हातात देतील. वाचून त्यांच्याकडेच ठेवा. घरी नेऊ नका.

सुरुची माझ्याकडे आहे. हात प्लॅस्टरमध्ये आहे, पण आता जेवते. आज उन्हात बसून तिने माझ्यासाठी शेंगा सोलल्या, एका हाताने.

वरुणने तुम्हाला सांगितलंय की ती खडकावरून पडली आणि विवेक दारू पिऊन अंगावर आला. मी तिथे होते. काय झालं ते मी सांगते. तुमचा मुलगा आहे तो, म्हणून पेन सारखं अडतंय.

सहल सुरुचीनेच ठरवली होती. पाठीवर सॅक टाकायची, इटलीच्या दक्षिणेला समुद्राच्या कडेकडेने चालायचं, थकलो की लोकल गाडी पकडायची. विद्यार्थी असताना सुरुची, वरुण, विवेक आणि मी असे आम्ही चौघे माउंट वेलिंग्टनच्या त्या कोंदट फ्लॅटमध्ये राहायचो, तेव्हापासूनचं तिचं स्वप्न. तुम्हाला आठवत असेल, तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा आमच्या भिंतीवर तो नकाशा होता, आणि विवेक तुमच्या हातची आमटी ओरपत म्हणाला होता, "आई, तुम्हीपण चला." तो तुम्हाला अजूनही आईच म्हणतो.

पहिले दिवस फार सुंदर गेले. निळं पाणी, पांढरे चुन्याचे कडे, वाटेच्या दोन्ही बाजूंना फड्या निवडुंगाची लाल फळं. विवेक प्रत्येक वळणावर खुशीत "स्वीट ॲज!" ओरडायचा. फक्त सुरुची पोहायचे टॉग्ज घालायची नाही. पूर्ण बाह्यांच्या टीशर्टमध्येच पोहायची. उन्हाने कातडी जळते म्हणायची.

नवे बूट तिला चावले, टाच सोलली. ती मागे पडायला लागली. वरुण तिच्या सॅकचा वरचा पट्टा धरून तिला पुढे ओढायचा, एखादी ट्रॉली ओढावी तसा. एकदा ती त्यात गुडघ्यावर पडली. तो हसला आणि म्हणाला, "ड्रामा." विवेक काही न बोलता तिची सॅक स्वतःच्या छातीवर अडकवून चालू लागला. त्या दिवसापासून वरुण विवेकशी नीट बोलेना.

मग तो दिवस. मरीना दी कामेरोता नावाच्या गावातून एक वाट समुद्राच्या कडेने पोर्तो इन्फ्रेस्कीला जाते. तिथे एक छोटी खाडी आहे. चालत जा, नाहीतर बोटीने. ऊन रणरणत होतं. खाडीशी उतरलो तेव्हा सुरुचीचा मोजा रक्ताने चिकटला होता. तिथे एक वयस्क बोटवाली प्रवासी उतरवत होती. सुरुची लंगडत तिच्याकडे गेली आणि खुणांनी विचारलं, आम्हाला परत सोडशील का. बाई मान डोलवून हसली.

एवढंच झालं होतं, मावशी.

"मला न विचारता?" वरुणचा आवाज चढलाही नव्हता. सुरुची म्हणाली, "अरे, टाच बघ माझी." त्याने हातातली चालायची काठी उचलली आणि तिच्या पाठीवर मारली. ॲल्युमिनियमची काठी, तिचा आवाज मला अजून ऐकू येतो. ती ओरडली नाही. दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसली. किती सवयीने बसली! ते बघून मी जागच्या जागी थिजले. दुसरा फटका तिच्या कानशिलावर बसला.

विवेकने त्याला मागून मिठी मारली. "वरुण, सोड. सोड म्हणतो ना. चल, पाण्यात जाऊ, डोकं थंड होईल." त्याही वेळी तो समजुतीचंच बोलत होता. वरुणने कोपराने त्याला पाडलं, एक धोंडा उचलला आणि विवेकच्या तोंडावर हाणला. विवेक उताणा पडलेला असताना परत हाणला. पांढरा दगड लाल झालेला मी पाहिला. सुरुची मध्ये धावली तर तिला अशी ढकलली की ती खडकाच्या कडेवरून खालच्या सपाटीवर आदळली आणि तिचा हात अंगाखाली मोडला. एका हाताने खडक धरून ती लाटेत पडायची वाचली.

तिसऱ्यांदा दगड वर गेला तेव्हा त्याने टाकलेली काठी माझ्या हातात होती. मी तुमच्या मुलाला मारलं, मावशी. गुडघ्यावर, मनगटावर, दगड सुटेपर्यंत. तो खाली बसल्यावरही मारलं. माझ्या तोंडातून काय काय शिव्या येत होत्या ते आठवत नाही. शेवटी ती बोटवाली वल्हं घेऊन आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहिली. तिने वल्हं त्याच्यावर रोखलं आणि दुसऱ्या हाताने मला मागे सारलं.

तेव्हा तो खाली बसल्या बसल्या, श्वास लागलेला असताना, सुरुचीकडे बघून मराठीत ओरडला. ते वाक्य मी चार वेळा लिहून खोडलंय. तो म्हणाला, "आईला नाही का मारत मी? ती बोलते का काही?"

आता लिहून झालं.

हॉस्पिटलमध्ये सुरुची डॉक्टरांना "पडले" एवढंच सांगत होती. डॉक्टरीणबाईंनी तिचा टीशर्ट कापला. पाठीवर नवे वळ होतेच, आणि त्यांच्याखाली जुने, हिरवे-पिवळे पडलेले. मी तिला म्हटलं, आता तरी बोल. ती म्हणाली, "मी बोलले तर तो घरी जाऊन आईंवर काढेल. जूनमध्ये त्यांचं मनगट मी मध्ये पडले म्हणूनच पिरगाळलं त्याने." तुम्ही आम्हाला बाथरूममध्ये घसरल्याचं सांगितलं होतंत. मी तुम्हाला भेटायला आले तेव्हा तुम्ही डाव्या हाताने थालीपीठ थापून वाढलंत आणि मी ते खाल्लं.

विवेकच्या गालाचं हाड बसवलंय. डाव्या डोळ्याला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. तो अजून चेष्टा करतो, पण वाक्य मध्येच सोडून देतो. आमच्या जबानीवरून तिथल्या पोलिसांनी वरुणला अटक केली, पण खटला उभा राहीपर्यंत सोडलं. आम्ही विवेकच्या ऑपरेशनसाठी थांबलो आणि तो आमच्याआधी तुमच्याकडे पोचला. तेव्हापासून मला झोप नाही.

सुरुचीने कोर्टातून प्रोटेक्शन ऑर्डर घेतली आहे. तुम्हालाही मिळेल. मागच्या खोलीत पलंग आहे, सुरुचीने त्यावर स्वच्छ चादर घातलीय. शकुताईंना नुसतं "हो" म्हणा, त्या विमानात बसवतील. नाही आलात तरी मी रागावणार नाही. फक्त तुम्ही एकट्या त्याच्यासमोर विवेकचा विषय काढू नका.

हे वाचून माझा चेहरा बघावासा वाटणार नाही, असंही होईल. तरी कळवा.

तुमच्या मुलाला मारणारी आणि तुमची वाट बघणारी,
मधुवंती


मुक्काम शकुचं घर,
१९ ऑक्टोबर

चि. मधुवंतीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. हॉलच्या मागे खुर्च्यांची चळत लावतात, तिथे उभी राहून वाचलं. शकु दारात राखण करत होती आणि बाहेर आमच्या म्हाताऱ्यांच्या अंताक्षऱ्या चालल्या होत्या. पत्र तुझ्या सांगण्याप्रमाणे शकुकडेच ठेवलं. पण तू सांगितलेली दुसरी गोष्ट मला ऐकता आली नाही.

संध्याकाळी वरुण जेवायला बसला. मी भात वाढला आणि विचारलं, "विवेकला एका डोळ्याने दिसत नाही, खरं का रे?"

"कोणी सांगितलं?"

"मी विचारतेय."

"आई, कोणी सांगितलं?"

तुम्ही त्या फ्लॅटमध्ये होतात तेव्हा विवेकला कावीळ झाली होती. मी त्याला चमच्याने पेज भरवली होती, हा शेजारी बसून पंख्याने वारा घालत होता. मी त्याला तेच म्हटलं. "वारा घातलास रे त्याला तू." त्याने माझा अंबाडा धरला आणि डोकं फ्रिजच्या दारावर आपटलं. कढत आमटीचं पातेलं माझ्या पायावर उपडं झालं. एक दात पडला. मी ओरडले नाही. सुरुचीसारखीच मलाही सवय झालेली. पण तुझं पत्र नुकतंच वाचलेलं होतं ना! ती हात डोक्यावर घेऊन खाली बसली, ते माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मी बसले नाही. गॅरेजच्या दारातून बाहेर पडले. अजून उजेड होता. लोक कुत्री फिरवत होते. भाजलेल्या पायांनी, तोंडातून रक्त गळत, मी शेजारच्या सामोअन बाईचं दार वाजवलं. सिना तिचं नाव. आजवर कुंपणावरून "किया ओरा" या माओरी नमस्कारापलीकडे आमचं बोलणं नव्हतं. तिने मला आत ओढलं, कडी लावली, माझे पाय टबात गार पाण्याखाली धरले आणि पोलिसांना फोन केला. तो बाहेरून दारावर लाथा मारत होता. "आई, सॉरी" म्हणत होता आणि लाथा मारत होता.

पोलीसबाईने फोनवर एक दुभाषी मुलगी दिली. बोलणं नागपूरकडचं. "काकू, सावकाश सांगा." मी म्हटलं, "माझा मुलगा मला मारतो." पलीकडे तिने ते इंग्रजीत सांगितलं. किती लहान वाक्य झालं त्याचं! मी ते इतकी वर्षं उचलू शकले नव्हते.

लोक विचारतील, बापाचं बघून शिकला का. नाही. जनार्दनरावांनी कधी मुंगी चिरडली नाही. मला कारण सापडत नाही, मधू. रात्रंदिवस शोधलं. मुलाने हात उचलला हे आईने कुठल्या तोंडाने सांगायचं, म्हणून मी सारखी घसरत राहिले, कधी बाथरूममध्ये, कधी जिन्यावर.

त्याला नेताना मी खिडकीतून पाहिलं. गाडीत बसवताना पोलिसाने त्याच्या डोक्यावर तळवा धरला, दाराला आपटू नये म्हणून. तेवढं बघितलं आणि मला रडू फुटलं. सिनाला वाटलं पाय दुखतोय.

तू त्याला मारलंस, त्याचं काय म्हणू? वाचताना तिथे मी कागद मिटला होता, खोटं कशाला बोलू. पण तिसरा दगड पडला असता तर विवेक गेला असता आणि माझा मुलगा खुनी झाला असता. तू दोघांनाही वाचवलंस. यापुढे त्या माराचा उल्लेख नको.

इथल्या पोलिसांना मी सगळं सांगितलंय, मनगटासकट. इटलीच्या कोर्टाने विचारलं तर तेही सांगेन. पाय बरे झाले की तुझ्याकडे येते. मागची खोली चालेल. विवेकला सांग, आईने विचारलंय.

सुरुचीला आता पुढचं वाचून दाखव. सुरुची, मी तुला "समजून घे" म्हणत राहिले, कारण तू घरात असलीस की मार वाटला जायचा. असं मनात आणणारी सासू होते मी. तू परत येऊ नकोस. उद्या मी घाबरून फोन केला, रडले, माझ्या जिवाची शपथ घातली, तरी येऊ नकोस. त्या वेळी माझं ऐकायचं नाही. आज शुद्धीवर असताना सांगतेय, तेच ऐक.

तुरुंगात ठेवलं तर मी त्याला भेटायला जाईन. डबा नेऊ देतात का, ते शकुला विचारायला सांगितलंय. त्याच्यासाठी मी जेवण करीन, पण खोटं यापुढे बोलणार नाही.

तुम्हा दोघींची, आणि वरुणची आई,
उर्मिला