कोणतं कार्ट्रिज घेऊ?

४ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीने डोकं खाल्लं म्हणून लिहितोय. चूक झाली. भट्टीवरची हातोडी हातात होती, रागाच्या भरात एक घाव बसला. पण तूही काय कमी आहेस! सगळे गेम एकाच कार्डावर मावतात म्हणून व्हिडिओ गेमच्या मशीनसाठी ते स्वस्तातलं फ्लॅश कार्ट्रिज गळ्यात मारलंस आणि त्यावर उतरवलेला माझा नऊ वर्षांचा खेळ पुसला गेला. डोकं फिरणार नाही तर काय? दिवसभर लोखंड ठोकून आलो की तेवढ्यातच माझा जीव रमायचा.

असो. दुकानात स्वस्त आणि महाग असे दोन प्रकार आहेत. आता कोणतं घेऊ? तुझं डोकं यात चालतं. रविवारी येऊन बसवून दे.

राग गिळ, लोभ राहू दे.
दादा

९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

महागडं घे. ते खेळ आपोआप जपून ठेवतं. स्वस्तातल्यात आधी दोन बटणं दाबून यादीत यायचं, कार्डावर लिहून होऊ द्यायचं, मगच मशीन बंद करायचं. दोनदा सांगितलं होतं. तू तोंडात घास घेऊन मान डोलावलीस आणि लिहिणं चालू असतानाच मशीन बंद केलंस. वर माझ्याच नावाने शंख!

आणि एक घाव? मी तीन मोजलेत. दुसऱ्याच्या आधी तू माझं मनगट टेबलावर दाबून धरलंस. तिसऱ्याला हाडं फुटल्याचा आवाज ऐकला, मग अंधारी आली. मंगळवारी दोन बोटं काढली. अरे, घड्याळं दुरुस्त करतो मी! चिमटा आता कशाने धरू?

मी तक्रार दिली आहे. गुरुवारी पोलीस येतील. वहिनीला पुढे करू नकोस, दार तूच उघड. तिथेही चुकून एक बसला म्हणालास, तर मला भाऊ नाही. खरं बोललास तर बघू.

नमस्काराला एकच हात आहे, गोड मानून घे.
बारक्या

१५ मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद द्यायची लायकी नाही, तरी देतो.

कोठडीतून लिहितोय, पत्र वहिनी टाकेल. दार मीच उघडलं. साहेबांनी विचारलं, किती घाव? त्यांच्या कागदावर तीन होते. मी पाच सांगितले.

तिसऱ्यानंतर तू शुद्धीवर नव्हतास. तुझा हात टेबलावरून खाली घसरला होता. मी तो उचलून पुन्हा वर ठेवला.

लोभ मागत नाही.
दादा